नेम धरून टाकलेला गळ
(मुळगाव, तालुका डिचोली येथे छोटे व्यावसायिक, ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या चोरीविषयी बोलावयाचे आहे, त्या चोरीत चोर कुलूप तोडीत नाही. तो ते मालकाच्याच हातून उघडवून घेतो. या प्रकारास ‘फिशिंग’ असे नाव पडले असून ते इंग्रजीतील मासेमारीच्या शब्दावरून आलेले आहे. मासे धरण्याच्या रीती आपणांस सांगावयास नकोत. एक मनुष्य पाग टाकतो; त्यात जे सापडेल ते त्याचे. दुसरा काठावर बसून कोणता मासा कोणत्या आमिषाला तोंड लावतो हे पाहतो आणि त्याप्रमाणे गळ लावतो. “आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल” असे संदेश २०२२ साली देशभर लक्षावधी लोकांच्या मोबाइलवर आले, तो पाग होता. दुकानदार, गाडीमालक, खानावळवाले, अतिथिगृहांचे चालक यांच्यासाठी मात्र गळ लावला जातो. आजचा विषय तो आहे.

हा मनुष्य दूरध्वनीवर आपल्या दुकानाचे नाव घेतो, मालकाचे नाव घेतो, नोंदणी क्रमांकही बिनचूक सांगतो. ऐकणाऱ्यास वाटते, एवढे सारे ज्यास ठाऊक आहे तो परका कसा असेल? परंतु ही माहिती कोठून आली याचा विचार करावा. वस्तू व सेवा कराचा क्रमांक दुकानाच्या पाटीवर लावणे नियमानेच बंधनकारक आहे, आणि तो क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर घातला की व्यवसायाचे नाव, पत्ता व नोंदणीची तारीख कोणासही दिसते. अन्न परवान्याचा क्रमांक भिंतीवर टांगलेला असतो. मोबाइल क्रमांक आपणच नकाशावर, बिलावर व रिक्षाच्या पाठीमागे छापलेला असतो. यात आपले काही चुकत नाही. गिऱ्हाईक यावे म्हणून हे सारे करावेच लागते. परंतु जी माहिती चव्हाट्यावर आहे, ती कोणाच्याही ओळखीचा पुरावा होऊ शकत नाही. एवढी एक गोष्ट मनात ठसली, तर पुढील बहुतेक प्रकार आपोआप ओळखता येतील.

पहिला प्रकार मोठ्या मागणीचा. बोलणारा आपण लष्करातील अधिकारी असल्याचे सांगतो. तुकडीसाठी शंभर थाळ्या, मिठाई किंवा किराणा हवा आहे असे म्हणतो. गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्रही पाठवितो. भाव फारसा करीत नाही. (आपल्या बाजारात भाव न करणारे मोठे गिऱ्हाईक किती वेळा येते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.) माल तयार झाला की पैसे देण्याची वेळ येते, आणि लष्कराची पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे, प्रथम हा चौकोनी कोड स्कॅन करा व पिन घाला, मग रक्कम जमा होईल, असे तो सांगतो. पीठ भिजलेले असते, माणसे कामाला लागलेली असतात, माल वाया जाण्याची धास्ती असते. दुकानदार पिन घालतो आणि पैसे येण्याऐवजी जातात. येथे यंत्रणेचा नियम अगदी साधा आहे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन घातला, याचा अर्थ पैसे देण्यास संमती दिली. लष्कर असो, कंपनी असो वा प्रत्यक्ष जावई असो, नियम तोच.

दुसरा प्रकार पेडण्याच्या किनाऱ्यावरील, म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल या भागांतील खोल्या देणाऱ्या मंडळींनी विशेष ध्यानी घ्यावा. मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, डिसेंबर २०२४ पासून ‘बुकिंग डॉट कॉम’च्या नावाने खोटी पत्रे हॉटेलचालकांना जात होती, आणि ज्या भूभागांतील व्यावसायिकांवर हा नेम होता त्यांत दक्षिण आशियाही होता. पत्रात एखाद्या पाहुण्याने वाईट अभिप्राय दिल्याचे किंवा खाते पडताळून पाहावयाचे असल्याचे लिहिलेले असते. दुवा उघडला की आपण यंत्र नसून मनुष्य आहोत हे सिद्ध करण्यासाठी संगणकाच्या अमुक कळा दाबा, अशी सूचना येते. त्या कळा दाबताच चोराने लिहिलेली आज्ञा मालकाच्या हातून संगणकाला दिली जाते आणि आतील संकेतशब्द चोरीस जातात. हंगामात वाईट अभिप्रायाची भीती केवढी असते, हे या लोकांनी पुरते ओळखलेले आहे. कोणतेही संकेतस्थळ माणसाची परीक्षा घेताना संगणकाची आज्ञापेटी उघडावयास सांगत नाही. असे पत्र आल्यास त्यातील दुव्याला हात न लावता, नेहमीच्या मार्गाने आपल्या खात्यात जाऊन पाहावे.

शासनाच्या नावाचाही असाच वापर होतो. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. शासनाच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य आहे व तिचे नूतनीकरण करावे लागत नाही. सबब ‘नूतनीकरण शुल्क’ मागणारा मनुष्य शासनाचा नव्हे. केंद्रीय कर अधिकाऱ्यांच्या समन्सवर ८ नोव्हेंबर २०१९ पासून ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल तर उघडूच नये; ती पावती नसते, मोबाइलमध्ये शिरणारा कार्यक्रम असतो.

बेळगाव वा कोल्हापूरहून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आणखी एक. नेहमीच्या पुरवठादाराचे पत्र येते, बिल बरोबर असते, फक्त खाली लिहिलेले असते की आमचे बँक खाते बदलले आहे. अशा वेळी त्या पत्रातील क्रमांकावर विचारणा करणे म्हणजे चोरालाच साक्षीदार करणे होय. जुन्या वहीतील क्रमांक काढावा, स्वतः बोलावे, मगच रक्कम पाठवावी.

पूर्वी अशुद्ध भाषेवरून खोटे पत्र ओळखू येत असे. आता यंत्रे निर्दोष मराठी लिहितात, म्हणून त्या खुणेवर विसंबता येणार नाही. पाहावयाचे ते हे की, समोरचा मनुष्य घाई करतो काय, आणि आपल्या नेहमीच्या वाटेवरून दुसऱ्या वाटेवर नेतो काय. बँकांच्या बाबतीत पत्ता पाहण्याची एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या शेवटावर नेण्यास सांगितले होते.

शिक्षकांना एक विनंती. पुष्कळ घरांत आईवडिलांचा मोबाइल प्रत्यक्षात आठवी-नववीतील मूल हाताळते. वर्गात खऱ्या-खोट्या संदेशांचे नमुने फळ्यावर मांडून त्यांतील घाईचे शब्द शोधण्यास सांगितले, तर तो धडा त्याच संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचेल.

आणि फसवणूक झालीच, तर? लाजेने गप्प बसणे हे चोराच्या सर्वांत सोयीचे असते. १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा. तेथे नोंद होताच ज्या बँकेत रक्कम गेली तिला कळविले जाते व शिल्लक असेल ती रक्कम थोपविण्याचा प्रयत्न होतो. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर हलवितो, म्हणून येथे दिवस नव्हे तर मिनिटे मोजावी लागतात. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने स्वतः पिन वा संकेतांक दिला असेल तर कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर, नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा रायबंदर येथील सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात करता येते. जाताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा मोबाइल क्रमांक लिहून न्यावा. आलेले संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत; तपासास प्रथम तेच लागतात.