नचिकेताचा प्रश्न

मराठी घरात मरणाचे नाव सहसा उच्चारले जात नाही. माणूस मरत नाही. तो वारतो, जातो, त्यास देवाज्ञा होते. बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’ म्हणावयाचे. घराबाहेर पडणाऱ्याने ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावयाचे. एखाद्या मुलाने मरणाविषयी काही विचारलेच, तर वडीलधारी मंडळी त्यास दटावतात : अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणत असतो.

गंमत अशी की, मृत्यूचे सोहळे करण्यात हाच समाज मागे नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली ऐन तारुण्यात समाधी घेतली; त्या तिथीस, कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीत आजही भाविकांची दाटी होते. देहूला तुकाराम बीज साजरी होते, तीही तुकोबांच्या प्रयाणाचीच तिथी. मराठी मुलखाबाहेरही हेच दिसते. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानीतील दुःशासनवधाचा प्रसंग एका तंबोऱ्याच्या साथीने देशोदेशी गाजविला, आणि लोक तो श्वास रोखून ऐकत आले. म्हणजे दहा जणांत बसून, टाळमृदंगाच्या गजरात मृत्यू पाहण्यास कोणाची हरकत नसते. एखादा मुलगा एकटाच त्याचा विचार करीत बसला, की मात्र घर घाबरते. वस्तुतः निषेध मृत्यूचा नाही. त्याच्याविषयी वाटणाऱ्या एकट्याच्या ओढीचा आहे.

ही ओढ मराठी चित्रपटाने फारशी हाताळलेली नाही. उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला आणि २०१० साली प्रदर्शित झालेला ‘विहीर’ हा म्हणूनच लक्षणीय अपवाद ठरतो. पटकथा गिरीश कुलकर्णी व सती भावे यांची आणि छायाचित्रण सुधीर पळसाने यांचे. समीर आणि नचिकेत हे दोघे नात्याने भाऊ आणि एकमेकांचे जिवलग. एकमेकांना पत्रे लिहिणारे. लग्नकार्याच्या निमित्ताने गावी सारे कुटुंब जमते. घरात हसणे-खिदळणे आहे, मुलांचा लपंडाव आहे, जुने रुसवेफुगवेही आहेत. या गजबजाटात थोरला नचिकेत मनाने दूर दूर जात असतो. ही नाती, हे शिकणे, नोकरी, संसार, हे सारे कशासाठी, असे त्यास वाटते. ऐकून घेणारा एकटा समीर. पण तोही वयाने लहान, त्याच्यापाशी उत्तर कोठले? पुढे नचिकेत विहिरीत मृतावस्थेत सापडतो. तो अपघात होता की आणखी काही, याचा निर्णय चित्रपट देत नाही. उरलेला काळ तो मागे राहिलेल्या समीरच्या शोधाला देतो. मदन देवधर व आलोक राजवाडे या दोघा तरुण नटांनी या भूमिका अतिशय संयमाने केल्या आहेत. रक्त नाही, आक्रोशाचे प्रदर्शन नाही. आहे ते ऊन, पाणी आणि निःशब्दता. भयपटांतील मृत्यू प्रेक्षकास दचकवून मोकळा करतो. येथील मृत्यू त्याच्याबरोबर घरी येतो.

नायकाचे नाव सहज ठेवलेले नसावे. कठोपनिषदातील नचिकेत हाही एक मुलगाच. दानात म्हाताऱ्या गायी देणाऱ्या पित्यास त्याने विचारले, मला कोणाला देणार? संतापलेला पिता म्हणाला, मृत्यूला. मुलगा यमाच्या दारी गेला आणि तीन रात्री उपाशी राहिला. परतलेल्या यमाने अतिथीची क्षमा मागून तीन वर दिले. मरणानंतर काय, हा तिसऱ्या वराचा प्रश्न सर्वांना आठवतो. पहिला वर मात्र विसरला जातो. मी परत जाईन तेव्हा पित्याचा राग शांत झालेला असावा, त्याने मला ओळखून जवळ घ्यावे, एवढेच त्याने प्रथम मागितले. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या मुलाने आधी घराची वाट मोकळी करून घेतली, आणि मग प्रश्न विचारला. दुसरी गोष्ट अशी की, यमाने त्यास दटावले नाही. धनाचे, दीर्घायुष्याचे आमिष दाखवून पाहिले, आणि मुलगा ढळत नाही असे दिसताच शेजारी बसवून उत्तर दिले.

पडद्यावरील नचिकेताला असा कोणी भेटत नाही. हीच त्या चित्रपटाची खरी व्यथा होय.

परदेशांतही थोर दिग्दर्शक या विषयाकडे वळले. अकिरा कुरोसावा यांच्या १९५२ सालच्या ‘इकिरू’त कचेरीतील एका वृद्ध अधिकाऱ्यास असाध्य रोग झाल्याचे कळते. आयुष्यभर कागद पुढे सरकविणारा हा गृहस्थ मरणाकडे निरखून पाहतो आणि उरलेल्या दिवसांत मुलांसाठी एक बाग उभी करून जातो. इंगमार बर्गमन यांच्या १९५७ सालच्या ‘सेव्हन्थ सील’मध्ये एक सरदार साक्षात मृत्यूशी बुद्धिबळाचा डाव मांडतो. मृत्यूकडे पाहणे म्हणजे जीवनाकडे पाठ फिरविणेच असे नाही, हे या दोन्ही कृती दाखवितात.

तथापि प्रश्न आणि इच्छा यांतील अंतर नेहमीच मोठे असते असे नाही. मरणाविषयी विचारणारे प्रत्येक मूल संकटात असते, असे समजू नये. पण आपले असणे निरर्थक आहे असे जे मूल पुन्हा पुन्हा सांगते, त्यास तत्त्वज्ञ म्हणून सोडूनही देऊ नये. कायद्याची दृष्टीही पालटली आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा हा तीव्र मानसिक ताणाखाली आहे असे गृहीत धरले, आणि त्यास शिक्षेऐवजी उपचार मिळावेत अशी तरतूद केली. २०२२ साली ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणासही आपले मन मोकळे करता येते.

पण दूरध्वनीच्या आधी घर असते. जेवताना, अंगणात, प्रवासात मुलाच्या तोंडून हा प्रश्न निघाला, तर उत्तर ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. त्यास गप्प न करता शेजारी बसवून घेणे, एवढे तर यमालाही जमले होते.