कुठला फोंडा?

फोंडाघाटांत केशकर्तन व सौंदर्यप्रसाधनाचें दुकान चालविणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "गुरुजी, गूगलवर शोधणाऱ्यांना मी सांपडतच नाहीं." नोंद पाहतों, तों पत्त्यांत नुसतें 'फोंडा'! फोंडा गोव्यांतही आहे. मी तिच्याकडून 'फोंडाघाट, तालुका कणकवली' असें लिहवून घेतलें. नकाशावरील जागा, कामांचीं नांवें, वेळा हें सारें भरविलें. स्थानिक शोधांत गूगल मागणीशीं नोंदीचा मेळ, अंतर व ख्याति पाहतें. अंतर आपल्या हातीं नाहीं. बाकीच्या दोहोंसाठीं श्रम घेतां येतात. ख्याति गिऱ्हाइकांच्या खऱ्या अभिप्रायांनीं वाढते. विकतचे अभिप्राय नियमाविरुद्ध आहेत. आतां गणपतीला मुंबईहून आलेल्या लेकीसुना शोधतील, तेव्हां त्यांना गोव्याची वाट दिसूं नये, एवढीच इच्छा.