देवगडचा इतिहास लिहिणारा बिशप

पांढुर्णा-सौंसरचे विद्यार्थी ज्या छिंदवाड्याच्या विद्यापीठाची पदवी घेतात, त्याला राजा शंकर शाह यांचं नाव आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातले हे राजे आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना इंग्रजांनी 18 सप्टेंबर 1857 रोजी जबलपूरला तोफेच्या तोंडी दिलं. त्यानंतर साठ वर्षांच्या आत त्याच इंग्रजी अमलातला एक धर्माधिकारी गोंड राज्यांचा इतिहास लिहायला बसला. ते होते एअर चॅटर्टन, नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप.

चॅटर्टन मूळचे आयर्लंडचे, जन्म 1863 चा, शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. डब्लिन विद्यापीठाच्या मिशनबरोबर ते 1890 च्या दशकात छोटा नागपुरात हजारीबागला आले आणि तिथल्या कामाची धुरा त्यांनी सांभाळली. 1903 मध्ये नागपूरचा नवा धर्मप्रांत निघाला आणि तो त्यांच्याकडे सोपवला गेला. सदरमधलं ऑल सेंट्स चर्च हे त्यांचं कॅथेड्रल. 1926 पर्यंत, म्हणजे तब्बल तेवीस वर्षं, ते या पदावर होते.

हा धर्मप्रांत मध्य प्रांतापासून राजपुतान्यापर्यंत पसरलेला. माणसं मात्र विखुरलेली: कामठीसारख्या छावण्यांतले गोरे सैनिक, रेल्वेच्या वसाहतींतली कुटुंबं, मिशनच्या गावांतले हिंदी आणि मराठी बोलणारे ख्रिस्ती. बिशपचं काम म्हणजे बव्हंशी फिरतीचं. कुठे मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायचा, कुठे पाद्र्याला दीक्षा द्यायची, कुठे नव्या चर्चचं, तर कुठे दफनभूमीचं पवित्रीकरण करायचं. आज पांढुर्ण्याच्या स्टेशनावरून दिल्ली-चेन्नईच्या गाड्या धडाडत जातात. पण चॅटर्टन आले तेव्हा नागपूर-इटारसी हा थेट मार्गच नव्हता. तो पुरा झाला 1920 च्या दशकात, त्यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा.

ही फिरती जिवावरही बेतायची. नागपूरकरांना बिशप कॉटन शाळा ठाऊक आहे. तिला ज्यांचं नाव आहे ते जॉर्ज कॉटन हे कलकत्त्याचे बिशप. 6 ऑक्टोबर 1866 ला ते बंगालमध्ये कुष्टियाला होते. दफनभूमीचा विधी आटोपून अंधारात नदीतल्या बोटीकडे परतताना फळीवरून त्यांचा पाय घसरला. गोराई नदीच्या ओढीत ते गेले, ते मिळालेच नाहीत.

चॅटर्टन यांनी मात्र फिरतीचा आणखी एक उपयोग करून घेतला, आणि त्यासाठीच या भागानं त्यांना आठवावं. हा मुलूख मुळात कोणाचा, डोंगरावरचे हे पडके किल्ले कोणी बांधले, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. 1916 मध्ये त्यांचं ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ हे पुस्तक लंडनला निघालं. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती, बैतुलकडचं खेरला, चांदा आणि देवगड अशी चारही गोंड राज्यं त्यात आहेत. आपलं देवगड म्हणजे सौंसरच्या शेजारच्या मोहखेड तहसीलीतलं. तिथला राजा जाटबा याची नोंद अकबराच्या दरबारी अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त केली आहे: दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ, शंभर हत्ती. त्याच गादीवरचा बख्त बुलंद पुढे औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, आणि परतल्यावर बारा वाड्या एकत्र करून त्यानं नागपूर वसवलं. ज्या शहरात चॅटर्टन यांची गादी होती, ते शहरच देवगडच्या गोंडानं वसवलेलं. सौंसरची संत्री आज नागपूरच्या बाजारात जातात. त्या काळी नागपूरची सूत्रं देवगडातून हलत होती.

पुस्तकाला मर्यादा आहेत, आणि त्या मोठ्या आहेत. ते इंग्रजीत, इंग्रजी वाचकांसाठी लिहिलं गेलं. गोंड राजांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या बाणा वाजवून गाणाऱ्या परधानांच्या तोंडी होत्या. त्या परधानांवरचं मोठं पुस्तक यायला 1946 साल उजाडलं. ते लिहिणारे शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती. 1932 मध्ये ते व्हेरिअर एल्विन यांच्यासोबत मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला येऊन राहिले होते. एल्विन अँग्लिकन धर्मगुरू, पण गांधीजींच्या जवळचे. तेव्हा नागपूरचे बिशप होते अ‍ॅलेक्स वुड, चॅटर्टन यांचे उत्तराधिकारी. वुड यांनी चांद्याच्या मिशनमध्ये अनेक वर्षं काढली होती, आणि पुढं चॅटर्टन यांनीच त्यांचं चरित्र लिहिलं. तरीही एल्विनना धर्मकार्याचा परवाना द्यायला वुड यांनी नकार दिला. सत्तेच्या सावलीतल्या धर्मपीठाची ही अडचण होती: लोकांत राहून त्यांना ओळखणं खपत होतं, त्यांच्या बाजूनं उभं राहणं खपत नव्हतं. एल्विन यांनी 1935 मध्ये चर्च सोडलं.

चर्चही बदलत गेलं. 1912 मध्ये व्ही. एस. अझरय्या हे दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. पुढे नागपूरलाही जॉन सादिक यांच्या रूपानं भारतीय बिशप मिळाला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी उत्तर भारतातली सहा चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेही नागपुरातच.

देवगडच्या किल्ल्यावर नगारखान्याचे अवशेष आणि मोती टाकं अजून आहेत. आठशे विहिरी, नऊशे बावड्या अशी त्या गावाची ख्याती लोक सांगतात, आणि अलीकडे जिल्ह्यात गाळ उपसून त्यातल्या बऱ्याच बावड्या मोकळ्या करण्यात आल्या. सौंसरकडच्या मराठीत, मोहखेडकडच्या हिंदीत आणि गोंडीत देवगडच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं अजून गावोगाव बसलेली आहेत. चॅटर्टन यांना या तिन्ही बोली जन्मानं मिळाल्या नव्हत्या. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांना त्या घरूनच मिळाल्या आहेत.