रक्ताचा कारखाना



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे गाळप सुरू झाले की बीडकडून ऊसतोड मजूर येतात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मोळी उचलताना त्यातला एक धापा टाकू लागला, तर मुकादमाला तो अंगचोर वाटतो. उचल तर फिटलेली नसते!

आमच्या एका सभासदाचे असेच झाले. आम्ही त्याच्यासाठी हलके काम मागितले, पण त्याचे रक्त तपासून घेतले नाही. ही चूक आमची.

रक्त तयार होते हाडांतील मगजात. एचआयव्हीचा विषाणू या कारखान्याची घडी बिघडवतो. क्षयाचे जंतूही तिथे शिरतात. पूर्वी सर्रास दिले जाणारे झिडोवुडिन हे औषधसुद्धा काहींचा मगज दाबून टाकी.

याहून दुर्मीळ असा कॅसलमनचा आजार आहे. १९९४ साली युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी शोधलेला नागीण-कुळातला आठवा विषाणू एचआयव्ही रुग्णांत तो उत्पन्न करतो. ताप येतो, गाठी सुजतात, पाणथरी वाढते, मगजात प्लाझ्मा पेशींची गर्दी होते. शरीरात लोह असते, पण ते कोठारात अडकून पडते. म्हणून केवळ लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही. लक्षणे क्षयासारखी दिसतात. गाठीचा तुकडा तपासल्यावाचून निदान होत नाही, आणि निदान झाले तर रिटुक्सिमॅबसारखे औषध आहे.

सरकारने १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधे मोफत देण्यास आरंभ केला. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१७ च्या कायद्याने कामावर ठेवण्यासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही, आणि केवळ या आजारापायी कुणाला कामावरून काढणेही बेकायदा आहे. तरीही हंगाम संपून माणूस गावी परतला की औषध तुटण्याची भीती असते. तेव्हा उपचाराचा कागद कोयत्याबरोबरच बांधून न्यावा, आणि त्यातला मजकूर मुकादमाने विचारू नये.

मजुरीचा दर आम्ही मागतच राहू. पण निस्तेज चेहऱ्याच्या माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याला दवाखान्याची वाट दाखवावी, एवढे आपल्यापाशी मागून आम्ही रजा घेतो.