उंबरठ्यावर अडलेला संगणक

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिले चित्र उमटेपर्यंत काय घडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तेवढ्या अवधीत मुख्य फलकावरील चिपमध्ये कायम साठवलेली एक लहानशी आज्ञावली जागी होते, यंत्राच्या अवयवांची तपासणी करते आणि विंडोज वा लिनक्ससारख्या प्रणालीच्या हाती कारभार सोपवते. तिला फर्मवेअर म्हणतात. पूर्वी ते बायोस या प्रकारचे असे. आता बहुतेक संगणकांत युईएफआय असते. लिनक्स बसवू पाहणाऱ्याची पहिली गाठ पडते ती या द्वारपालाशीच.

२०१३च्या सुमारास इंटेलच्या अ‍ॅटम प्रोसेसरवर चालणारे स्वस्त व आटोपशीर संगणक बाजारात आले. एसस कंपनीचा टी१०० हा त्यांपैकीच एक. त्यांचा प्रोसेसर ६४ बिटांचा, फर्मवेअर मात्र ३२ बिटांचे! ही विसंगती अकारण नव्हती. विंडोज आणि युईएफआय यांची बिटसंख्या एकच असावी लागते. आणि यांतील कित्येक यंत्रे अवघ्या २ गीगाबाइट स्मृतीसह, ३२ बिटांची विंडोज घालूनच विकली जात.

अशा यंत्राला ६४ बिटांच्या लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, तर फर्मवेअर त्यावर 'बूटआयए३२' या नावाची फाइल शोधते. तेथे असते ती बहुधा केवळ 'बूटएक्स६४'. मग पेनड्राइव्ह लावलाच नाही, अशा थाटात यंत्र स्वस्थ राहते. मालक आधी पेनड्राइव्हला दोष देतो, नंतर यंत्राला. आणि धडधाकट यंत्र अडगळीत जाऊन पडते.

यावर उपाय निघाला तो २०१४ साली. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याच्या ३.१५ या आवृत्तीत 'मिश्र पद्धती'ची सोय झाली. ६४ बिटांच्या कर्नलला फर्मवेअरकडून काही हवे असले, की तो प्रोसेसरला क्षणभर ३२ बिटांच्या रीतीत नेतो, काम उरकतो आणि स्वस्थानी परततो. भाषांतराच्या व्यवसायात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला ही दुभाष्याची युक्ती चटकन उमगते. मात्र कर्नलला आत आणणारा ग्रब हा आरंभकर्ता ३२ बिटांचाच हवा, आणि तो पेनड्राइव्हवर असून भागत नाही. प्रणाली बसवल्यावर यंत्राच्या डिस्कवरही तोच असावा लागतो. ही दक्षता न घेतल्यास सारे काम निर्विघ्न पार पडते आणि पुढल्या खेपेस यंत्र पुन्हा मुके होते. २०१५ साली आलेल्या डेबियन ८च्या बहुविध प्रोसेसरांसाठीच्या प्रतीत ही तजवीज मुळातच होती.

सरळ ३२ बिटांचे लिनक्स का बसवू नये, असे कोणी विचारील. तो मार्ग आता अरुंद होत आहे. २०२५ साली आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी स्थापनेची प्रतच नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सर्वसाधारण आधारही संपला. म्हणून, मित्रहो, असे यंत्र भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्याच्या प्रोसेसरचे आणि फर्मवेअरचे बिट किती, हे दोन्ही आकडे अवश्य पाहावेत. ते जुळत नसतील, तर यंत्र निकामी झालेले नाही. त्याला योग्य आरंभकर्ता मिळालेला नाही, एवढेच.