बोट थांबली, तर रात्र कुठं काढायची?

हातात पीठ असेल, निवडायला शेंगा असतील, तर काम चालू ठेवा. फक्त गटाचं ठरावाचं पुस्तक जिच्याकडे आहे, तिनं आज कागद-पेन जवळ घेऊन बसावं.

सुगी आटोपली की आपल्या बैठकीत यात्रेचा विषय निघतोच. काशी, गया, गंगासागर, जगन्नाथपुरी अशी फेरी बऱ्याच गटांनी मनात धरलेली आहे. आमच्या ग्रामसंघातल्या आम्ही एकोणीस जणी ही फेरी करून आलो. तेव्हापासून शेजारच्या गावांतल्या बाया आम्हाला खर्च किती आला, गाडी कुठली, जेवणाचं काय, असं सगळं विचारतात. पण बोट बंद पडली तर राहायचं कुठं, हे कुणीच विचारत नाही. म्हणून आज तेवढंच बोलू.

या फेरीत काशी, गया, पुरी इथं रेल्वे थेट जाते. गंगासागर मात्र बेटावर आहे. गंगा जिथं बंगालच्या उपसागराला मिळते, तिथलं हे सागर बेट. तिथं कपिलमुनींचं मंदिर आहे आणि संगमावर स्नान करतात. कोलकात्याहून साधारण नव्वद किलोमीटरवर काकद्वीपजवळ ‘लॉट नंबर आठ’ नावाचा धक्का आहे. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनातून काकद्वीपला लोकल जाते, बसही आहे. धक्क्यावरून मुडीगंगा नदी बोटीनं ओलांडायची. त्या बोटीला तिकडे व्हेसल म्हणतात. तीन-साडेतीन किलोमीटरचं पात्र, अर्धा-पाऊण तास लागतो. पलीकडे कचुबेडिया. तिथून बसनं किंवा जीपनं तीसेक किलोमीटर गेलं, की मंदिर.

ऐकायला सोपं वाटतं. पण ही बोट आपल्या एसटीसारखी घड्याळावर चालत नाही. आपण देशावरच्या, मराठवाड्याच्या, विदर्भाच्या बाया. समुद्राची भरती-ओहोटी आपल्या रोजच्या बघण्यातली नाही. दिवसाकाठी दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, आणि वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. मुडीगंगेत गाळ फार साचलेला आहे. ओहोटीला पाणी इतकं उतरतं, की बोट टेकायची भीती असते. मग बोटी काही तास थांबवतात. आज सकाळी आठला बोट मिळाली, म्हणून चार दिवसांनी आठला मिळेलच असं नाही. तिकडे भरतीला ‘जोआर’ आणि ओहोटीला ‘भाटा’ म्हणतात. हे दोन शब्द पाठ करा. धक्क्यावर कुणालाही “भाटा कधी?” विचारलं, तरी समोरचा हाताची बोटं दाखवून वेळ सांगतो.

भाटा काही तासांचा असतो. धुकं आणि वादळ यांचं तसं नाही. डिसेंबर-जानेवारीत नदीवर इतकं दाट धुकं उतरतं, की समोरचं दिसत नाही. २०२३ च्या संक्रांतीनंतर यात्रेकरूंनी भरलेल्या बोटी धुक्यामुळे नदीतच अडकल्या. शेकडो माणसांची रात्र पाण्यावर गेली आणि तटरक्षक दलाला मदतीला यावं लागलं. वादळाची तर गोष्टच वेगळी. मे २०२० मध्ये अम्फान, मे २०२१ मध्ये यास, मे २०२४ मध्ये रेमल, आणि त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये बुलबुल. या सगळ्यांचा तडाखा त्या किनाऱ्याला बसला. वादळाचा इशारा आला की बोटी आधीच बंद होतात आणि वादळ गेल्यावर लगेच सुरू होतीलच असं नाही. आपल्याकडे पेरणीच्या आधी मोकळा वेळ मिळतो, म्हणून कितीतरी गट मे महिन्यातच निघतात. जरूर निघा, पण हे माहीत असू द्या.

आता मुद्द्यावर येऊ. बोट बंद ठेवतात ती आपल्या जिवासाठी. त्यावर रागवून उपयोग नाही. पण रात्री कुठं टेकायचं हे ठरलेलं नसेल, तर माणूस घाबरतो. मग अंधार पडायच्या आत कशीतरी शेवटची बोट गाठायची म्हणून ढकलाढकली होते, भरलेल्या बोटीत पाय टाकला जातो. म्हाताऱ्या सासूबाईंचा हात धरून, पिशव्या सांभाळत गर्दीत शिरणं किती धोक्याचं आहे, ते वेगळं सांगायला नको. जिची रात्रीची सोय झालेली आहे, ती मात्र शांतपणे म्हणू शकते, “जाऊ दे ही बोट, उद्या जाऊ.”

दुसरीही एक गोष्ट आहे, ती आपल्या घरातली. बायका बायका एकट्या निघतात, तेव्हा घरच्यांचा होकार किती मुश्किलीनं मिळतो, हे आपण जाणतो. एकदा का रात्र स्टेशनवर कुडकुडत काढली आणि फोनवर रडारड झाली, की पुढच्या वेळी कुणी सोडत नाही. एका गटाची फजिती झाली, तर आजूबाजूच्या पाच गटांची यात्रा मोडते.

तर आपण तीन ठिकाणी अडकू शकतो. तिन्हींची सोय वेगवेगळी लावायची.

पहिलं ठिकाण कोलकाता. वादळाचा इशारा कोलकात्यातच कळला, तर पुढे जाऊच नका. धक्क्यापेक्षा शहरात राहायच्या जागा किती तरी जास्त. तिथं हाजरा रोडवर महाराष्ट्र मंडळाचं महाराष्ट्र निवास आहे. आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं की निम्मी भीती जाते. बालीगंजला भारत सेवाश्रम संघाचा आश्रम आहे. निघायच्या आधी महिनाभर दोन्हीकडे फोन करा. इतक्या बायका, अमुक तारीख, खोली मिळेल की मोठी खोली, दर काय, आगाऊ पैसे भरायचे का, रद्द केलं तर परत मिळतात का, हे सगळं विचारून लिहून ठेवा. रेल्वे स्टेशनवरच्या विश्रामकक्षाचीही चौकशी करा. तिथं कन्फर्म तिकीट लागतं.

दुसरं ठिकाण म्हणजे धक्क्याची अलीकडची बाजू. लॉट नंबर आठच्या धक्क्यावर रात्र काढायची वेळ येऊ देऊ नका. काकद्वीप हे बाजाराचं गाव जवळच आहे, तिथं लॉज आहेत. दोन लॉजचे नंबर आधी मिळवा. आणि एक वेळ ठरवून टाका. आम्ही दुपारी तीन ठरवली होती. तीनपर्यंत बोट सुटायची चिन्हं दिसली नाहीत, तर उजेड आहे तोवर काकद्वीपला परतायचं. बोट येईल, येईल करत संध्याकाळ होऊ द्यायची नाही.

तिसरं ठिकाण बेटावर. स्नान झालं, दर्शन झालं, आणि परतीची बोटच नाही, ही वेळ सगळ्यात जास्त येते. आमच्यावर हीच आली. सकाळी धुकं उतरलं ते दुपार झाली तरी हललं नाही. कचुबेडियाला माणसांची रांग लागलेली. आमच्या दोघी जणी आधी जाऊन चौकशी करून आल्या. तोवर बाकीच्या बेटावरच्या आश्रमातच होत्या. आदल्या दिवशीच आम्ही तिथल्या व्यवस्थापकांना सांगून ठेवलं होतं, की बोट नसली तर आणखी एक रात्र राहू. खोल्या मिळाल्या नाहीत, पण मोठ्या खोलीत सतरंज्या मिळाल्या, दाराला आतून कडी होती, संडास जवळ होता. संध्याकाळी भजन झालं, खिचडी झाली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बोट मिळाली. भारत सेवाश्रम संघाचा आश्रम बेटावरही आहे, शिवाय धर्मशाळा आणि लॉज आहेत. पण संक्रांतीच्या मेळ्यात लाखो लोक येतात, तेव्हा तिथं आयत्या वेळी खोली मागणं व्यर्थ. मेळ्यात तात्पुरते मांडव असतात, पण वयस्कर बायकांना त्या गर्दीत त्रास होतो. आम्ही तर म्हणू, शक्य असेल तर फेब्रुवारीत जा. मेळा उठलेला असतो, धुकं कमी झालेलं असतं आणि वादळाचे महिने लांब असतात.

आता परतीच्या गाडीचं. मुंबईची गीतांजली असो की पुण्याची आझाद हिंद, तिचं तिकीट बेटावरून परतायच्या दिवसाचं काढू नका. मध्ये एक अख्खा दिवस कोलकात्यासाठी ठेवा. बोट वेळेवर मिळाली, तर त्या दिवशी कालीघाट बघून होईल, दक्षिणेश्वर होईल. बोट अडली, तर तोच दिवस उपयोगी पडेल. बोट बंद होती हे कारण रेल्वेला चालत नाही. गाडी चुकली की तिकिटाचे पैसे गेले, आणि एकोणीस जणींना आयत्या वेळी दुसरं तिकीट मिळणं कठीण.

पैशाचं गणित साधं आहे. दोन जादा रात्री आणि दोन दिवसांचं जेवण यांचा खर्च माणशी काढा आणि तेवढी रक्कम यात्रेच्या वर्गणीतच धरा. आम्ही तिला अडचण रक्कम म्हणतो. अडचण आली नाही, तर परत आल्यावर सगळ्यांसमोर मोजून जिची तिला द्यायची. गटाच्या बचतीला किंवा कर्जाच्या पैशाला यासाठी हात लावू नका. सगळी रोकड एकीच्याच कनवटीला नको, तिघींकडे वाटून ठेवा. बेटावर रेंज गेली तर मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्याही मोजून दोन-तीन दिवस जास्तीच्या घ्या.

यात्रा कंपनीबरोबर जाणार असाल, तरी हे प्रश्न सुटत नाहीत. पैसे भरायच्या आधी विचारा, बोट बंद पडली तर मुक्काम कुठं, जादा रात्रीचा खर्च कुणाचा, आणि गंगासागर झालंच नाही तर पैसे परत किती? उत्तर छापील पावतीवर किंवा निदान मोबाइलवर लिहून घ्या. “बघू, करू काहीतरी” हे उत्तर धरू नका.

आता ठरावाच्या पुस्तकात लिहायच्या गोष्टी. तिन्ही ठिकाणच्या दोन-दोन जागांची नावं आणि फोन नंबर. परत फिरायची वेळ. निर्णय कोण घेणार त्या दोघींची नावं, म्हणजे धक्क्यावर उभं राहून एकोणीस मतं निघणार नाहीत. गावाकडे फोन कुणाला करायचा त्या एकाच माणसाचं नाव, तो बाकीच्या घरी कळवील. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रेल्वेच्या चौकशीसाठी १३९. हाच कागद प्रत्येकीच्या पिशवीत द्या. जिला वाचता येत नाही, तिच्याकडेही द्या, तिथं कुणालाही दाखवता येतो. निघायच्या आधी त्याची एक प्रत घरीही ठेवा. आमच्या एकीच्या नवऱ्यानं तो कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, “मग जा की.”

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर या विषयाला अर्धा तास द्या. आणखी काही विचारायचं असेल, तर केंद्रावर चिठ्ठी पाठवा किंवा फोन करा. आम्ही लिहून आणलेला कागद कुठल्याही गटाला उतरवून घ्यायला देऊ.