समुद्रापलीकडचं माहेर

बैठकीत आपण हप्ते आणि व्याजाचं बोलतो. आज मात्र जरा लांबच्या आयांची गोष्ट सांगते.

क्युबा हे उसाचं बेट. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. १९५९ साली तिथं फिडेल कॅस्ट्रोंची क्रांती झाली. मोठ्या जमिनी, साखर कारखाने सरकारनं ताब्यात घेतले. १९६१ च्या साक्षरता मोहिमेत सात लाखांवर माणसं लिहाय-वाचायला शिकली. पण त्याच वर्षी खासगी शाळा बंद झाल्या, विरोध करणारे तुरुंगात गेले. आणि एक अफवा पसरली, की सरकार आईबापांकडून मुलं काढून घेणार.

असा कायदा कधी झालाच नाही. पण भ्यायलेल्या आईनं काय करावं? १९६० ते १९६२ या दोन वर्षांत १४ हजारांहून जास्त मुलं एकटीच विमानानं अमेरिकेला धाडली गेली. हवाना विमानतळावर मुलांना काचेच्या खोलीत बसवत. लोक तिला 'माशांची काचपेटी' म्हणत. आत लेकरू, बाहेर आई. काचेवर हात टेकवायचा, एवढंच. आपल्यातल्या ज्या जणी लेकरं आजीकडं ठेवून ऊसतोडीला जातात, त्यांना ही काच वेगळी सांगायला नको.

थोड्या दिवसांची ताटातूट, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ऑक्टोबर १९६२ मध्ये विमानं बंद पडली. कुणाला आई काही महिन्यांनी भेटली, कुणाला काही वर्षांनी, तर काहींना कधीच नाही.

अमेरिकेत मियामी शहरात या लोकांची मोठी वस्ती झाली. घरदार मागं राहिलं, पण चव बरोबर आली. २४ डिसेंबरच्या रात्री सगळं कुटुंब एकत्र जेवतं. भाजलेलं डुकराचं मांस, भात, काळा घेवडा आणि उकडलेली युका, वरून लसूण आणि आंबट संत्र्याचा रस. युका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच! वर्ष सरताना बादलीभर पाणी दाराबाहेर फेकतात, म्हणजे जुन्या वर्षाची पीडा गेली. त्यांच्या कारिदाद मातेची मूर्ती १९६१ साली क्युबातून गुपचूप मियामीत आणली गेली. तिचं देऊळ समुद्राकाठी बांधलंय, क्युबाच्या दिशेला तोंड करून.

आपणही माहेर सोडून आलो, पण सणाला एसटीत बसलं की पोचतो. त्यांच्यातल्या कित्येकींना ते पुन्हा दिसलं नाही. म्हणून त्यांनी माहेर ताटात जपलं आणि नातवंडांना सांगितलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या आईचा एक पदार्थ आणि त्यामागची आठवण सांगायची. गटातली शिकलेली मुलगी ते वहीत उतरवून घेईल. आणि गावात एखादी भीती पसरली, तर एकटीनं निर्णय घेऊ नका, आधी गटात विचारा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.